ओळख वाढवा, वशिला शोधू नका
मुलामुलींच्या नोकरीसाठी आणि घरच्या मालासाठी लिंक्डइनचा उपयोग



बैलजोडी घ्यायची असो, विहिरीवर मोटार बसवायची असो, नाही तर मुलीसाठी स्थळ पाहायचे असो, आपण आधी चार ठिकाणी विचारतो. बाजारात भेटलेला माणूस सांगतो, पाहुण्याचा पाहुणा निरोप आणतो आणि काम मार्गी लागते. शहरातील नोकरीचेही पूर्वी असेच होते. मुंबईच्या कापड गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून माणसे गेली, ती बहुतेक गावच्या ओळखीवर. लालबाग-परळच्या चाळीत गावकऱ्यांची खोली असे. नवा मुलगा तेथे वळकटी टाकी, आणि गावचाच कोणी तरी त्याला गिरणीतल्या जॉबरपुढे उभा करी.

आज परिस्थिती बदलली आहे. आपला मुलगा कृषी पदवीधर होतो, मुलगी अन्नतंत्रज्ञान शिकते, पुतण्या ट्रॅक्टरच्या दुरुस्तीत तरबेज होतो. पण बियाण्यांच्या कंपनीत, ठिबकच्या कारखान्यात किंवा फळप्रक्रिया उद्योगात आपल्या गावचे कोणी बसलेले नसते. अर्ज पाठवायचे आणि वाट पाहायची, एवढेच हाती उरते. वर्ष-दोन वर्षे अशी गेली की मुलगा घुमा होतो आणि मुलीच्या लग्नाची घाई सुरू होते. घरातल्या माणसांना वाटते, आपला वशिला नाही म्हणून अडले. खरे पाहता पुष्कळदा वशिला नसल्याने अडत नाही, बातमी न पोचल्याने अडते. जागा निघाली हे वेळेवर कळतच नाही, आणि आपला मुलगा काय करू शकतो हे तिकडच्या माणसाला ठाऊक नसते. ही बातमीची वाट मोकळी करण्याचे एक साधन आता मोबाइलवर आले आहे. त्याचाच विचार या लेखात करू.

दूरची ओळख का कामी येते?

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या एका गावात नोकरी बदललेल्या लोकांची पाहणी केली आणि १९७३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. तो पुढे फार गाजला. ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती अशा ५४ जणांना त्याने विचारले की, ज्या माणसाने तुम्हाला ही बातमी दिली तो तुम्हाला किती वेळा भेटत असे? नेहमी भेटणारा, असे सांगणारे १०० त साधारण १७ निघाले. अधूनमधून भेटणारा म्हणणारे सुमारे ५६, आणि क्वचितच भेटणारा म्हणणारे सुमारे २८. म्हणजे जिवाभावाच्या माणसापेक्षा जुजबी ओळखीच्या माणसाकडून नोकरीची बातमी अधिक आली.

याचे कारण आपल्या पारावरच सापडते. पारावर रोज बसणाऱ्या दहा जणांना एकच बातमी ठाऊक असते. नवी बातमी आणतो तो आठवडे बाजाराला आलेला व्यापारी, नाही तर एस. टी. चा कंडक्टर. आपले भाऊबंद आपल्यासाठी जीव टाकतील, पण त्यांना जे माहीत आहे ते बहुधा आपल्यालाही माहीत असते.

पुढे लिंक्डइनवरच्या सुमारे २ कोटी लोकांच्या ५ वर्षांच्या माहितीवरून हीच गोष्ट पुन्हा तपासली गेली. तो अभ्यास २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी पडते ती मध्यम अंतरावरची ओळख, असे त्यात दिसून आले. अगदी घरचा नाही आणि अगदी परकाही नाही. दोघांच्या ओळखीची चार-दहा माणसे सामाईक आहेत, असा माणूस. शेतकऱ्याच्या मुलाने हे ध्यानात ठेवावे. आपल्याला कोणा बड्या साहेबाची ओळख नको आहे. आपल्याच कॉलेजातून चार वर्षे आधी बाहेर पडलेला मुलगा पुरेसा आहे.

लिंक्डइन म्हणजे काय?

लिंक्डइन हे संकेतस्थळ अमेरिकेत २००३ साली सुरू झाले. २०१६ साली ते मायक्रोसॉफ्ट कंपनीने विकत घेतले. २०२३ साली त्याच्या सभासदांची संख्या १०० कोटींच्या वर गेल्याचे जाहीर झाले. साधे खाते फुकट उघडता येते. वयाची अट १६ वर्षांची आहे. भाषा म्हणून मराठीही निवडता येते.

व्हॉट्सॲपवर आपण लग्नपत्रिका आणि सुप्रभातचे निरोप पाठवतो. लिंक्डइनवर माणसे आपला कामधंदा सांगतात. कोण कोठे शिकले, कोठे नोकरीला आहे, काय पिकवते, काय विकते, हे तेथे उघड दिसते. एकाने ओळखीची विनंती पाठवायची, दुसऱ्याने ती मान्य करायची, असा शिरस्ता आहे. त्याला 'कनेक्शन' म्हणतात.

केंद्र सरकारचे 'नॅशनल करिअर सर्व्हिस' हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे, आणि महाराष्ट्र शासनाचे 'महास्वयम' आहे. तेथे नोकरीसाठी नाव नोंदवता येते. तेथेही नाव जरूर घालावे. ती नोंदणी झाली. लिंक्डइनवर त्यापुढची गोष्ट होते, ती म्हणजे माणसाशी बोलणे.

आधी मशागत

नांगरट न करता बी फेकले तर काय उगवेल? तसेच हे आहे. पुष्कळ मुले खाते उघडतात, फुलांचा फोटो लावतात, 'विद्यार्थी' एवढेच लिहितात आणि चार दिवसांनी म्हणतात, काही उपयोग नाही.

पान मांडताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. फोटो स्वतःचा, चेहरा स्पष्ट दिसणारा असावा. लग्नातला नको, गाडीवर बसलेला नको. धुतलेला सदरा घालून पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहिले तरी चांगला फोटो निघतो.

२. नावाखालच्या ओळीत आपण काय करू शकतो ते लिहावे. 'नोकरी पाहिजे' यापेक्षा 'बी. एस्सी. (कृषी), डाळिंब व ठिबक सिंचनाचा घरचा अनुभव' ही ओळ वाचणाऱ्याला काही तरी सांगते.

३. कामाचा तपशील आकड्यांत द्यावा. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी मुले कृषीदूत आणि मुली कृषीकन्या म्हणून गावोगाव जातात. तेथे किती शेतकऱ्यांना बीजप्रक्रिया करून दाखवली, किती मातीचे नमुने घेतले, कोणत्या पिकावर काम केले, हे लिहावे. 'ग्रामीण कार्यानुभव घेतला' असे म्हटल्याने काही कळत नाही.

४. घरच्या शेतीचे काम लपवू नये. शहरात गेल्यावर मुलांना बापाची शेती सांगायला संकोच वाटतो. पण ज्याने चार हंगाम द्राक्षाची छाटणी केली, डाऊनी भुरीचे दिवस काढले, मजुरांचा हिशेब ठेवला, त्याला औषधाच्या कंपनीचा साहेब दोन प्रश्न अधिक विचारील. हा अनुभव पुस्तकातून येत नाही. तो अनुभव म्हणूनच मांडावा.

५. खोटे एक अक्षरही लिहू नये. न केलेला कोर्स आणि न मिळालेला नंबर मुलाखतीत दोन मिनिटांत उघडा पडतो. पान साऱ्या जगासमोर असते, त्यामुळे तेच खोटे गावच्या माणसालाही दिसते.

इंग्रजी कच्चे असले तर सोप्या, लहान वाक्यांत लिहावे आणि जाणत्या माणसाकडून एकदा तपासून घ्यावे. मुंबई-पुण्याबाहेरच्या कंपन्यांसाठी इंग्रजी पान ठेवलेले बरे. पण मराठीत लिहिलेल्या पोस्टही महाराष्ट्रातले लोक वाचतात.

ओळख कशी जोडावी?

पहिली पन्नास माणसे ओळखीतलीच घ्यावीत : वर्गमित्र, शिक्षक, कृषी विज्ञान केंद्राचे शास्त्रज्ञ, कृषी सेवा केंद्राचे चालक, गावी येणारे कंपन्यांचे प्रतिनिधी.

मग आपल्या कॉलेजचे किंवा विद्यापीठाचे पान उघडावे. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांतून शिकलेली माणसे ठिकठिकाणी कामाला आहेत. विद्यापीठाच्या पानावर 'माजी विद्यार्थी' असा भाग असतो. त्यात कोण कोणत्या शहरात, कोणत्या कंपनीत आहे ते पाहता येते. वर सांगितलेली मध्यम अंतरावरची ओळख नेमकी येथे सापडते. तुम्ही ज्या वसतिगृहात राहिलात तेथेच तेही राहिले, ज्या सरांचा मार तुम्ही खाल्ला त्यांचाच त्यांनीही खाल्ला. एवढा धागा बोलणे सुरू करायला पुरतो.

विनंती पाठवताना दोन ओळी लिहाव्यात. सरळ 'सर, जॉब द्या' असे लिहिले तर उत्तर येत नाही. रस्त्यात अनोळखी माणसाने हात पुढे केला तर आपणही पुढे चालू लागतो. त्याऐवजी असे लिहावे :

'सर, नमस्कार. मी राहुरीहून या वर्षी बी. एस्सी. (कृषी) झालो. आपण बियाणे उत्पादनात काम करता असे पाहिले. या कामाला नव्या मुलाने कोणती तयारी करावी हे आपल्याकडून समजून घ्यायचे आहे. सवडीने दहा मिनिटे फोनवर बोलता आले तर आभारी होईन.'

यात भीक नाही आणि भाटगिरीही नाही. सल्ला मागितलेला बहुतेकांना आवडतो. दहा जणांना लिहिले तर दोघे-तिघे उत्तर देतील, बाकीचे देणार नाहीत. त्यात अपमान मानू नये. आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण द्यावी, मग सोडून द्यावे. ज्याने वेळ दिला त्याचे आभार त्याच दिवशी मानावेत, आणि त्याने सांगितलेले केले म्हणजे महिन्याने तसे कळवावे. सांगितलेले करणारा मुलगा माणसाच्या लक्षात राहतो, आणि जागा निघाली की त्याचेच नाव आधी आठवते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. ओळख आणि वशिला या वेगळ्या गोष्टी आहेत. ओळखीने बातमी कळते, मुलाखतीपर्यंत जाता येते. नोकरी लागते ती गुणावर, आणि टिकते तीही गुणावरच. सरकारी नोकरीत तर परीक्षा आणि गुणवत्ता यादी हाच मार्ग आहे. 'माझी वर ओळख आहे, एवढे पैसे द्या, कृषी खात्यात लावतो' असे कोणी म्हणाला तर तो भामटा समजावा आणि त्याला चहासुद्धा पाजू नये.

घरच्या मालासाठी

नोकरीइतकाच हा मार्ग धंद्यालाही उपयोगी आहे. सांगलीचा बेदाणा व हळद, सोलापूरचे डाळिंब, कोल्हापूरचा गूळ यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. अशा मालाला दूरचे गिऱ्हाईक असते, पण ते आपल्या बांधावर येत नाही. शेतकरी उत्पादक कंपनी, बचत गट किंवा स्वतःचा प्रक्रिया उद्योग असेल तर लिंक्डइनवर त्याचे पान करावे.

त्या पानावर काय असावे? मालाचा खरा फोटो, किती माल आहे, कोणत्या महिन्यात मिळेल, किती किलोचे पॅकिंग आहे, कोणते परवाने आहेत. खाद्यपदार्थ असेल तर अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक द्यावा. सत्काराचे हारतुरे आणि पुढाऱ्यांचे फोटो घालण्यापेक्षा मालाची प्रतवारी करतानाचा एक फोटो घातला तर घेणाऱ्याला माल समजतो. हॉटेलांचे खरेदी अधिकारी, मसाल्याचे कारखानदार, निर्यातदार, पॅकिंगचे सामान बनवणारे अशांशी ओळख जोडावी. आज घेतले नाही तरी पुढच्या हंगामात आपले नाव त्यांना ठाऊक असते.

मात्र ओळख झाली म्हणून माल गाडीत भरू नये. आपल्याकडे द्राक्षाच्या पट्ट्यात गोड बोलून माल नेणारा आणि पुन्हा तोंड न दाखवणारा व्यापारी नवा नाही. तोच आता मोबाइलवरही भेटतो. म्हणून आधी नमुना पाठवावा, दर व अटी लेखी घ्याव्यात, जी. एस. टी. क्रमांक सरकारी संकेतस्थळावर तपासावा आणि पहिल्या सौद्याला आगाऊ रक्कम घ्यावी. परदेशी माल पाठवायचा तर आयात-निर्यात कोड लागतो. कृषिमालाच्या निर्यातीसाठी अपेडाकडे नोंदणी करावी लागते. पैशाच्या हमीसाठी बँकेमार्फत पतपत्र घ्यावे, किंवा परदेशी खरेदीदाराकडून पैसे बुडाले तर त्याचा विमा देणाऱ्या ई.सी.जी.सी. या सरकारी कंपनीकडे चौकशी करावी.

आणखी एक. पैसे येण्यासाठी आपल्याला मोबाइलवर पिन टाकावा लागत नाही. 'पैसे पाठवतो, तुम्ही फक्त पिन टाका' असे कोणी म्हटले तर फोन बंद करावा.

तण वेळीच काढा

पीक आले की तणही येते. नोकरीच्या नावाखाली फसवणूक करणारे लिंक्डइनवरही आहेत. त्यांना ओळखण्याच्या काही खुणा आहेत.

नोंदणी, ट्रेनिंग, गणवेश, लॅपटॉप अशा कोणत्याही नावाने आधी पैसे मागितले तर ती नोकरी नव्हे. मुलाखत न घेता नेमणुकीचे पत्र आले तर संशय घ्यावा. मोठ्या कंपनीचे नाव सांगून साध्या फुकटच्या ईमेलवरून पत्र आले, तर त्या कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरचा क्रमांक काढून विचारावे. आधार, पॅन, बँकेचे पासबुक यांच्या प्रती नोकरी पक्की होईपर्यंत कोणाला देऊ नयेत.

परदेशच्या नोकरीबाबत तर फारच जपावे. २०२२ पासून थायलंडमध्ये संगणकावरच्या मोठ्या पगाराच्या नोकऱ्या दाखवून आपल्या देशातील तरुणांना म्यानमारमध्ये नेल्याच्या आणि तेथे डांबून ठेवून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामे करून घेतल्याच्या घटना उघड झाल्या. भारत सरकारने याबद्दल इशारे दिले आणि अनेकांची सुटका करून त्यांना परत आणले. परदेशी पाठवणारा एजंट नोंदणीकृत आहे की नाही, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहता येते. पर्यटक व्हिसावर नोकरीला कोणी नेत असेल तर घराबाहेर पाऊल टाकू नये.

फसवणूक होऊन पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला कळवावे. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक असते.

मुलींच्या आईवडिलांना

मुलीचा फोटो आणि नाव मोबाइलवर सगळ्यांना दिसणार, याची धास्ती पुष्कळ घरांत असते. ती अगदीच खोटी नाही. पण त्यावर उपाय आहेत. फोन नंबर आणि जन्मतारीख इतरांना दिसू नये अशी सोय तेथे आहे. गावाचे नाव न देता जिल्हा दिला तरी चालतो. कामाखेरीज इतर बोलणे काढणाऱ्याला उत्तर देऊ नये. त्याला कायमचे बंद करता येते, त्याची तक्रारही करता येते. मुलाखतीला बोलावले तर कंपनीच्या कार्यालयातच जावे, आणि पहिल्या वेळी घरच्या माणसाने सोबत जावे.

एवढे करून मुलीला पुढे जाऊ द्यावे. मुलगा गावच्या नाक्यावर, बाजारात, तालुक्याच्या ठिकाणी दहा ओळखी सहज करतो. मुलीला ती मुभा आपण देत नाही. शिकून घरी बसलेल्या मुलीला आपल्या विषयातल्या माणसांशी मोकळेपणाने बोलण्याची हीच एक जागा असेल, तर भीतीपोटी तीही बंद करू नये. खाते उघडताना आईने शेजारी बसावे. आईलाही थोडे शिकायला मिळेल, आणि बचत गटाच्या चटण्या-लोणच्यांचे पान पुढे तीच चालवील.

किती वेळ द्यावा?

आठवड्यातून तीन दिवस, रोज अर्धा तास पुरे. एक दिवस नवी ओळख जोडावी, एक दिवस आलेल्या निरोपांना उत्तरे द्यावीत, एक दिवस आपल्या कामाबद्दल चार ओळी लिहाव्यात. ठिबकच्या नळ्या साफ कशा केल्या, हळद शिजवताना काय काळजी घेतली, एवढे साधे लिहिले तरी जाणकाराला त्यातून माणूस कळतो. बाकीचा वेळ हुन्नर शिकण्यात घालवावा. अंगी काम नसेल तर हजार ओळखी जोडूनही उपयोग नाही.

आणि घाई करू नये. आंब्याचे कलम लावून दुसऱ्या दिवशी कोणी कैऱ्या शोधत नाही. सहा महिने नेटाने केले तर कोठून तरी बोलावणे येईल, निदान कोणत्या गावाला काय मागणी आहे याची खबर तरी लागेल. घरात पदवी घेऊन बसलेले लेकरू असेल तर येत्या रविवारी जेवणे झाल्यावर त्याच्याजवळ बसा. 'तुझ्या कॉलेजातली माणसे कोठे कोठे आहेत ते मला दाखव,' एवढेच म्हणा. पुढचे ते करील.